पॉलिशचे पाच हात

मित्रांनो, बालवाडीच्या कोपऱ्यात लहान खुर्चीवर टेकून बसलेली ही गिटार दिसतेय ना, ती मी. वय चौदा. गिटारीच्या मानाने हे काही म्हातारपण नाही. पण अंगावर जे जे झालंय ते बघून कोणी मला जुनी म्हटलं, तरी मी रागवत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी आतून-बाहेरून अखंड लाकडाची आहे. पुढची फळी स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची, पाठ आणि बाजू महोगनीच्या. बऱ्याच स्वस्त गिटारी प्लायच्या असतात, म्हणजे पातळ थर एकमेकांवर चिकटवलेल्या. त्यात वाईट काही नाही, प्लाय चिवट असतो बिचारा. पण अखंड लाकूड जितकं वाजवाल तितकं मोकळं होत जातं. आणि रुसतंही तितकंच.

मी जिथे झाले त्या कारखान्याची मालकीण दिवसभर एकच सांगत फिरायची, "पैसा लाकडात घाला, दागिन्यांत नको." म्हणून माझ्या अंगावर नक्षी नाही. चकाकी नाही. वरून कागदापेक्षा पातळ असा एक कोरडा थर, बस्स. माझी पुढची फळी तीन मिलिमीटरसुद्धा जाड नाही. ती थरथरते तेव्हाच मी बोलते. हे लक्षात ठेवा, पुढे सगळा घोळ इथेच झाला.

दुकानात आम्ही तिघी एका दांडीवर होतो. तिघी अखंड लाकडाच्या, तिघींची किंमत जवळपास सारखी. एक आरशासारखी चकचकीत, तोंडाभोवती शिंपल्याची गोल नक्षी. दुसरी अंगाने मोठी, आवाज असा की शेजारचं दुकान वळून बघायचं. आणि मधे मी, लहानखुरी, कोरडी. लोक यायचे, चकचकीतला हात लावायचे, मोठीला वाजवायचे. माझ्याकडे बघून "हिला अजून रंग द्यायचा राहिलाय का?" असं विचारायचे. वाईट वाटायचं. पण दांडीवर लटकलेल्यानं कोणाला काय उत्तर द्यायचं?

मग एक दिवस बालवाडीच्या बाई आल्या. पोरं त्यांना ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. सोबत त्यांचे बाबा. बाबा फर्निचरला पॉलिश करायचे, चाळीस वर्षं. नखांच्या कडा कायमच्या तपकिरी. ताईची जुनी प्लायची गिटार पोरांच्या अंगाखाली सापडून मोडली होती, आणि या वेळी तिला नीट घ्यायची होती, एकदाच.

दुकानदार म्हणाला, "ताई, आधी तारांखालच्या या गोल भोकाची कड बघा. वरच्या रेषा कडेवरून खाली उतरतायत ना? म्हणजे अखंड. थर थर दिसले तर प्लाय."

बाबांनी कड बघितलीच नाही. बोटाच्या पेराने तिघींच्या फळीवर टक टक केलं, कान लावला आणि म्हणाले, "तिघीही खऱ्या आहेत."

"काका, तुम्ही गिटारीतले का?"

"नाही हो. कपाटांतला. पण लाकूड खोटं बोलत नाही, माणसं बोलतात."

दुकानदार हसला. म्हणाला, आता निवडायची कशी ते सांगतो. त्यानं ताईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. एकेक गिटार तो वाजवणार आणि ताईने तिचं नेहमीचं गाणं म्हणायचं, पोरांना झोपवताना म्हणते ते. ताईचा आवाज बारीक. मोठीच्या पुढे तो पार बुडाला. चकचकीतसोबत बरा लागला. मग माझी पाळी. मी काही विशेष केलं नाही. तिच्या आवाजाला बसायला जागा दिली, एवढंच.

ताई गाता गाता थांबली. "ही कुठली?"

वळून बघितलं तर मी. बाबांचा चेहरा पडला. "अगं, ही अर्धवट आहे. हिला पॉलिशच नाही केलेलं. लोक काय म्हणतील, पॉलिशवाल्याची पोर आणि उघडं लाकूड घेऊन फिरते."

"बाबा, लोक बघतील की ऐकतील?"

"आधी बघतातच," बाबा म्हणाले. पण घेतलं मलाच.

पुढची सहा वर्षं माझी सुखाची गेली. शेंबडे हात, बिस्किटाचा चुरा, पेन्सिलीचे ओरखडे, सगळं सोसलं. हवा कोरडी झाली की ताई मला ठेवायच्या पेटीत ओला स्पंज डबीत घालून ठेवायची, म्हणजे फळीला चीर जाऊ नये. माझा आवाज दर वर्षी थोडा थोडा उघडत गेला. रडणारं नवीन पोर आलं की ताई आधी मलाच उचलायची.

मग ताई तीन आठवडे प्रशिक्षणाला परगावी गेली. मला घरी ठेवून.

बाबा तेव्हा नुकतेच काम सोडून घरी बसले होते. हात शिवशिवत होते. त्यांनी मला मांडीवर घेतलं, ओरखड्यांवरून अंगठा फिरवला आणि स्वतःशीच म्हणाले, "पोरगी येईपर्यंत तुला नवरीसारखी करतो."

मित्रांनो, मी ओरडले असते तर बरं झालं असतं. पण मला वाजवल्याशिवाय आवाज नाही.

पाच हात मारले त्यांनी. प्रत्येक हातानंतर वाळवणं, घासणं, परत हात. असं काम त्यांनी मोठमोठ्या घरातल्या टेबलांनाही केलं नसेल. इतकी माया होती त्या फडक्यात, की सांगता येत नाही. आणि प्रत्येक थरासोबत माझी फळी जड होत गेली. पाचव्या हाताला माझ्यात तोंड दिसायला लागलं. आणि मी मुकी झाले.

ताई आली. बाबा दारातच उभे, हात पुसत. तिने मला उचललं, एक सूर छेडला. ठप्प. गोधडी पांघरून कोणी बोलावं तसा.

तिने बाबांकडे बघितलं. "छान दिसतेय, बाबा."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन त्याच दुकानात गेली. दुकानदाराने वाजवून बघितलं आणि मान हलवली. "काढायला गेलं तर फळीच जाईल. दुसरी घ्या, ताई." त्याने तिच्या हातात एक नवी दिली, माझ्याच जातीची, कोरडी. ताईने ती वाजवली. गोड होती, खोटं कशाला बोलू. ताईने ती परत दुकानदाराच्या हातात दिली.

"घेतली असती," ती म्हणाली. "पण घरी गेल्यावर बाबा विचारतील, जुनीचं काय झालं. मग काय सांगू?"

ती मला परत घेऊन आली. बालवाडीत तशीच वाजवायला लागली. एक पोरगी म्हणाली, "ताई, गिटारला सर्दी झालीय." ताई हसली, पण त्या दिवशी गाणं लवकर संपवलं.

ते चाललं असतंच वर्षानुवर्षं. पण एका सकाळी बाबा माझ्यावरची धूळ पुसत होते आणि सवयीने पेराने टक टक केलं. चाळीस वर्षांचा कान. त्यांनी परत ठोकलं. खाली बसले. ताई चहा घेऊन आली तेव्हा ते तसेच बसलेले.

"तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

"चालतंय, बाबा."

"चालतंय आणि वाजतंय यात फरक असतो, बाळा. मला म्हणाली का नाहीस?"

"तुम्ही दारात उभे होतात ना. हात पुसत."

संध्याकाळी बाबा घासायचा पॉलिश पेपर घेऊन आले, सगळ्यात बारीक.

आयुष्यभर ज्याने चढवलं, तो पहिल्यांदाच उतरवायला बसला. दोन महिने. रोज थोडंसं, बोटांच्या टोकांनी. एक हात जास्त पडला असता तर फळी फाटली असती, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दर चार हातांनी थांबायचे, ठोकायचे, ऐकायचे. कधी म्हणायचे, "बोल ना गं." थर एकेक उतरत गेला तशी मी मोकळी होत गेले. एका दुपारी त्यांचा अंगठा चुकून तारेला लागला आणि मी बोलले. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढून पुसत बसले, कितीतरी वेळ.

तारा जिथे अडकतात त्या पट्टीच्या खाली मात्र फळी फारच नाजूक होती. तळहाताएवढी जागा राहिली, अजून चकचकीत. बाबा म्हणाले, "इथे हात धजत नाही. दुकानदाराला दाखवू, त्याला जमतंय का बघू."

ताईने मला जवळ घेतलं. "नको. तेवढं राहू दे."

"डाग दिसेल."

"दिसू दे. पोरं विचारतील तेव्हा सांगेन, ही माझ्या बाबांची जागा."

माझा आवाज पूर्वीइतका नाही झाला. थोडा जाड झालाय. ताई म्हणते, तिचाही झालाय. बाबा आता नाहीत. नवीन आलेलं पोर रडायला लागलं की ताई अजूनही मलाच उचलते, आणि त्या पोराचं बोट हमखास त्या चकचकीत जागेवर जातं, कारण तिथे त्याला स्वतःचा चेहरा दिसतो. रडणं थांबतं.

मित्रांनो, एवढंच मागणं. ज्याच्यावर माया आहे त्याला काही करायच्या आधी, त्याला काय हवंय ते विचारा. आणि तुमच्यावर माया करताना कोणी चुकलं, तर गप्प राहून सोसू नका. सांगा त्यांना. त्यांचा हात इतका हलका असतो, की दुरुस्तही तेच करू शकतात.