हिरवी पट्टी, पिवळी पट्टी

सलग सहाव्या रविवारी हरून घरी आल्यावर घड्याळजींच्या मनात पाल चुकचुकली. हरण्याचं आपल्याला काही वाटत नाही, असं ते स्वतः सांगत. बायकोला विचारलं तर ती नुसती हसायची. पण सहा वेळा? आणि सहाही वेळा साडूकडून?

फर्निचरच्या दुकानामागच्या रिकाम्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी सहा मोठी माणसं तळहाताएवढ्या मोटारी पळवायला जमत. फोमच्या पट्ट्या लावून वळणावळणाचा रस्ता आखायचा, रिमोट हातात घेऊन आठ मिनिटांची शर्यत लावायची, आणि मग त्या आठ मिनिटांवर दोन तास वाद घालायचा. मोटार एवढीशी, तिच्या पोटात करंगळीहून बारीक चार सेल. पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे. मोटारीचा सगळा जीव त्या चौघांत. पूर्ण भरलेले असले तर गाडी शेवटपर्यंत चेव आल्यासारखी पळते, नाहीतर पाचव्या मिनिटालाच मान टाकते. चारांतला एक जरी कमजोर निघाला, तरी तो बाकीच्या तिघांना खाली ओढतो.

आणि हे सेल चार्ज करायचे साडू. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. काउंटरवर चष्म्यांच्या काड्यांशेजारी त्यांनी एक पडदावाला चार्जर मांडून ठेवला होता. दीड महिन्यापूर्वी एका शनिवारी ते म्हणाले होते, "दादा, तुमचेही सेल माझ्याकडेच देत जा. एकदमच लावतो." घड्याळजींच्या सेलांना हिरवी चिकटपट्टी, स्वतःच्यांना पिवळी. शनिवारी डबा द्यायचा, रविवारी हॉलवर घ्यायचा.

आता घड्याळजींनी बोटांवर आठवडे मोजले. हरायला लागलो ते साधारण तेव्हापासूनच.

"कुठंतरी पाणी मुरतंय," ते जेवताना म्हणाले.

"अहो, माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे तो," बायको म्हणाली.

"म्हणून तर गप्प बसलोय."

"गप्प? हॉलवरून आल्यापासून दुसरं काही बोललायत का तुम्ही?"

पुढच्या रविवारी घड्याळजी डोळ्यांत तेल घालून बसले. आणि शोधायला गेलं की दिसतंच. साडूंनी हिरवा डबा खिशातून काढला, पिवळा पिशवीतून. वेगवेगळे का ठेवले? घड्याळजी सेल बसवायला गेले तर साडू चटकन पुढे झाले, "द्या इकडे, मी बसवतो." यांना कशाला एवढी घाई? शर्यत संपल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी कशी वाटली, दादा? जोर होता ना?" स्वतः जिंकलेला माणूस हरलेल्याच्या गाडीची चौकशी का करतो? आणि विचारताना डोळ्याला डोळा का देत नाही? तेही नेमकं चष्मेवाल्यानं!

त्या दिवशी साडूंना दुकानातून फोन आला, कुणीतरी नवा चष्मा फोडून घेऊन आलं होतं. ते निघाले तसे घड्याळजी सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "दोन्ही डबे राहू देत माझ्याकडे. उद्या-परवा आणून देतो."

साडू दारात थबकले. "नको, कशाला उगाच. मी नेतो ना."

"अहो, मी काय खाऊन टाकणार आहे?"

बाकीचे चौघे हसले. साडूंना डबे द्यावे लागले. पण ती दारातली क्षणभराची चुळबुळ घड्याळजींनी बरोबर टिपली होती.

घरी येऊन त्यांनी कामाच्या टेबलावर आठही सेल उभे केले आणि डोळ्याला भिंग लावलं. घड्याळजी दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पाठीमागे, झाकणाच्या आत, सुईनं केसाएवढी वाकडी रेघ ओढत. चाळीस वर्षांची सवय. वर्षापूर्वी हे चार सेल आणले, तेव्हा हात थांबला नव्हता. त्यांच्याही बुडाला त्यांनी तशीच रेघ ओढली होती. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्यासारखी ती नव्हतीच.

हिरव्या पट्टीच्या सेलांची बुडं कोरी निघाली. चारही.

त्यांनी पिवळ्या पट्टीचा पहिला सेल उलटा केला. रेघ. दुसरा. रेघ. तिसरा, चौथा.

घड्याळजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सापडला!" ते ओरडले. बायको ओले हात पुसत धावत आली. "माझे सेल त्याच्या डब्यात! पट्ट्या बदलल्यात! बघ, बघ भिंगातून."

बायकोनं भिंगातून पाहिलं. तिला काहीच दिसलं नाही, पण नवऱ्याचा चेहरा दिसला. "आता लगेच फोन करू नका," ती म्हणाली. "आधी नीट खात्री करा. शब्द गेला की गेला."

खात्री करायची, तर सेलांत किती दम आहे ते मोजायला हवं होतं. सोमवारी घड्याळजींनी शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून त्याचं यंत्र मागून आणलं. सेल आधी पूर्ण भरायचे, मग ते यंत्र त्यांना हळूहळू रिकामं करतं आणि आत किती होतं त्याचा आकडा दाखवतं. दुपारभर गिऱ्हाइकांकडे अर्धं लक्ष देऊन ते त्या आकड्यांकडे बघत बसले.

पिवळ्या पट्टीचे सेल, म्हणजे त्यांचे स्वतःचे, पाचशेच्या आसपास येऊन आटोपले. एक तर चारशे नव्वदवरच बसला. हिरव्या पट्टीचे चारही साडेसातशेच्या वर गेले.

घड्याळजींना वाटलं, आपणच अदलाबदल केली. मंगळवारी त्यांनी प्रत्येक सेलाखाली चिठ्ठी ठेवून सगळं पहिल्यापासून केलं. आकडे तेच आले.

साडूंनी सेल बदलले होते यात शंका नव्हती. पण यांचे म्हातारे, दमलेले सेल त्यांनी स्वतःच्या मोटारीत घातले होते, आणि स्वतःचे नवेकोरे यांच्या मोटारीत. म्हणजे गेला दीड महिना घड्याळजी चांगले सेल घेऊन हरत होते. आणि समोरचा मोडक्या सेलांवर जिंकत होता.

चोर सापडला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

बुधवारी सकाळी ते चष्म्याच्या दुकानात गेले. साडू एका काचेवर फुंकर मारून ती पुसत होते. घड्याळजींनी दोन्ही डबे काउंटरवर ठेवले.

"पिवळे माझे आहेत."

साडूंनी काच खाली ठेवली. "हो."

"का?"

"दादा, बसा आधी."

"बसायला नाही आलो. का, ते सांगा."

साडूंनी दुकानाचं दार लोटून घेतलं. "तुमचा उजवा अंगठा थरथरतो," ते म्हणाले. "रिमोटवर. वळण आलं की तुमची गाडी आधी एक झटका खाते, मग वळते. तुमच्या लक्षात आलं नसेल, पण मी शेजारी उभा असतो. मला वाटलं, निदान सेल तरी चांगले असावेत."

"माझा हात?" घड्याळजी हसायला गेले, पण हसू नीट आलं नाही. "चाळीस वर्षं याच हातानं..."

"माहीत आहे."

"मग सरळ हरायचं होतंत! दया करायची तर पुरती करायची."

"तेही करून पाहिलं एकदा. मला नाटक जमत नाही. तुम्ही ओळखलं असतं, आणि मग माझ्याशी कधीच बोलला नसतात."

"आताही बोलणार नाहीच," असं म्हणून घड्याळजी निघाले. दार ओढताना त्यांचं लक्ष पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे गेलं आणि त्यांनी तो खिशात घातला.

पुढचे दोन रविवार ते हॉलवर गेले नाहीत. दुकानात बसून मात्र एकेक गोष्ट आठवत राहिली. महिन्याभरात दोनदा चिमटा बदलला होता, चिमट्याची टोकं बिघडलीत म्हणून. दिवा बदलला, उजेड कमी पडतो म्हणून. बारीक स्क्रू उडून जातात, तर स्क्रूच हलक्या मालाचे म्हणून. प्रत्येक वेळी दोषी कुणीतरी सापडला होताच. एका दुपारी त्यांनी एका लेडीज घड्याळाचं झाकण उघडलं, चिमट्यात स्क्रू धरला आणि या वेळी स्क्रूकडे न बघता चिमट्याच्या टोकाकडे बघितलं. ते टोक जागच्या जागी लिहिल्यासारखं हलत होतं.

त्यांनी बायकोला हाक मारली आणि हात तिच्यापुढे धरला. "हे कधीपासून आहे गं?"

ती जवळ बसली. "दिवाणखान्यातलं घड्याळ तुम्ही बंद पडू दिलंत ना, तेव्हापासून मी बघतेय," ती म्हणाली. "पण तुम्ही कुणावर तरी चिडलेलेच असायचात. सांगू कशी?"

डॉक्टरांनी हात पुढे करायला लावले, कागदावर गोल काढायला लावला. गोल कुरतडल्यासारखा आला. जीवघेणं काही नाही, ते म्हणाले. नसांचा कंप आहे, गोळीनं थोडा कमी होईल, पूर्ण जाईलच असं नाही. घड्याळजींनी लहान घड्याळं दुसऱ्या कारागिराकडे पाठवायचं ठरवलं. भिंतीवरची मोठी घड्याळं आणि पट्टे बदलायचं काम स्वतःकडे ठेवलं. हे ठरवायला त्यांना तीन दिवस लागले.

शनिवारी त्यांनी साडूंना फोन केला. "आठही सेल घेऊन या. आणि चार्जरही."

साडू आले. दोघं टेबलाशी बसले. घड्याळजींनी सगळ्या पट्ट्या सोलून काढल्या, आकडे बघून दोन चांगले, दोन दमलेले अशा दोन सारख्या जोडण्या लावल्या. "कुठलीही एक उचला," ते म्हणाले.

साडूंनी एक उचलली. सेल डब्यात भरत ते म्हणाले, "दादा, तुम्हाला विचारायला हवं होतं मी."

"हो. आणि मी तुम्हाला चोर म्हणालो."

"मला? कधी?"

"तुमच्या मेव्हणीला विचारा. तिनं रोज ऐकलंय."

साडू मोठ्यानं हसले, आणि आतून त्यांच्या मेव्हणीचंही हसणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी शर्यतीत घड्याळजींची मोटार तिसऱ्याच वळणावर झटका खाऊन फोमच्या पट्टीवर चढली. ती सरळ होईपर्यंत साडूंची मोटार मागून आली आणि बाजूनं न जाता तिला चांगला धक्का देऊन पुढे पळाली. घड्याळजींनी साडूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सगळा हॉल ऐकत होता. साडूंनी मान वर केली नाही, वेगही कमी केला नाही.

घड्याळजी पाचवे आले. सहाव्याची मोटार मध्येच बंद पडली होती, हे त्यांनी घरी सांगितलं नाही.