कलाबाईचा तोल आणि कांदाभजं

हळ्ळीखेडच्या बसस्टँडमागच्या मैदानात शनिवारी दुपारी श्री समतोलनाथ महाराजांनी कलाबाईच्या कपाळाला दोन बोटं लावली, आणि कलाबाई मागं कलंडली. मागं शिष्य उभाच होता, त्यानं तिला अलगद झेललं. मांडवातल्या बायकांच्या तोंडून एकदम "अगं बाई!" निघालं. मग महाराजांनी कलाबाईच्या मनगटात एक काळं कडं चढवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दात-ओठ खाऊन जोर लावला. या खेपेला कलाबाई मैलाच्या दगडासारखी उभी. तसूभर हलली नाही. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

पहिल्या रांगेतला तिचा नवरा हरिबा तेवढा टाळी वाजवायचं विसरला. त्याच्या उभ्या संसारात कलाबाईला जागचं हलवणं त्याला एकदाही जमलं नव्हतं. त्यामुळं ती उभी राहिली याचं त्याला काही नवल वाटलं नाही. ती कलंडली कशी, हा त्याच्या मते खरा चमत्कार होता.

"माताजी, मनुष्य का रोग क्या है?" महाराज माइकवर बोलू लागले. त्यांच्या बोलण्यात हिंदी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषा होत्या आणि तिन्ही लंगडत होत्या. "तोल गेला! गुडघा दुखते, कंबर दुखते, सून ऐकत नाही, सब तोल का खेळ आहे. ये कडा अष्टधातू का. बिदर किल्ल्याच्या मातीत सिद्ध केला. याच्या लहरी तळपायातून पृथ्वीच्या पोटात जातात आणि वापस येताना तुमचा दर्द तिथंच ठेवून येतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ हैराण आहेत!"

हरिबाच्या बहिणीच्या घरी बिदरी कामाची एक फुलदाणी होती, तीही किल्ल्याच्याच मातीत काळी केलेली. ती पुसून पुसून बहिणीची कंबर धरली होती. पण अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना हे कुणी कळवलं नसावं.

कलाबाईनंतर मडिवाळप्पाचा नंबर लागला. मांडवाच्या तोंडाशीच त्याचा भज्यांचा गाडा. झारा हलवून हलवून त्याचा उजवा खांदा आखडला होता. महाराजांनी हात वर करायला सांगितला, तो कानाच्या खालीच अडला. मग कडं चढलं, लांब श्वास सोडायला सांगितला, आणि हात कानाला लागला. मडिवाळप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. गाडा सोडून आल्यामुळं तिकडं भजी करपली, त्याचंही थोडं असेल.

शेवटी महाराजांनी कलाबाईच्या हातातली काठी काढून घेतली. "आधार सोड, माई! आता निराधार हो!" असा भलताच आशीर्वाद देऊन त्यांनी ती मांडवाच्या बांबूला बांधली. तिथं आधीच पाच-सहा काठ्या, कंबरेचे पट्टे आणि एक छत्री लटकत होती. छत्रीचा मालक ती अजून शोधत होता.

घरी येताच कलाबाईनं पदर खोचला.

"कुरडयांचे गहू भिजलेत. सोमवारी चीक शिजवते न् माळवदावर घालते."

"माळवदावर कोण घालायलंय?" हरिबानं विचारलं.

"मीच की."

"न् शिडी कोण चढायलंय?"

"मीच चढायले. तुमी कामून घाबरायलाव?"

हरिबाला घाबरायला कारण होतं. मागच्या थंडीत कलाबाई न्हाणीत घसरली होती. मनगट मोडलं. हुमनाबादच्या डॉक्टरांनी प्लास्टर घालताना हरिबाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "या खेपेला मनगटावर निभावलं. पुढच्या वेळी खुबा मोडला तर बाई खाटेवरून उठणं अवघड." तेव्हापासून हरिबा रात्री न्हाणीत आधी स्वतः जाऊन फरशी पुसून यायचा. कलाबाईला वाटायचं, म्हाताऱ्याला स्वच्छतेचं वेड लागलं.

प्लास्टर निघाल्यावर हुमनाबादच्या सुधारानीनं कलाबाईला हाती घेतलं होतं. सुधारानी फिजिओथेरपिस्ट. गाव तिला व्यायामाची डॉक्टरीण म्हणायचं. गुडघे-कंबर दुखणाऱ्या माणसांचा श्वास उथळ होतो का, तोल जातो का, आणि व्यायामानं तो परत येतो का, यावर तिचं संशोधन चाललं होतं. दर रविवारी ती हळ्ळीखेडच्या समाजभवनात म्हाताऱ्या माणसांना एका पायावर उभं करून मापं घ्यायची. कलाबाई तेव्हापासून रोज ओट्याला धरून टाचा वर-खाली करायची, खुर्चीतून हात न टेकता उठायची. कुरकुर करायची, पण करायची. कडं मिळालं त्या दिवशी तिनं जाहीर केलं, "आता न्हाई करायची ती टाचांची थेरं."

रविवारी सकाळीच हरिबा समाजभवनात हजर झाला.

"अक्का, आमच्या घरात चमत्कार झालाय," तो म्हणाला. "तेवढा दुरुस्त करून द्या."

सुधारानीनं सगळं ऐकून घेतलं. ती हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "अण्णा, पहिल्यांदा ढकललं तेव्हा मावशीचे पाय कसे होते?"

"पाय? पायाकडं कोण बघतंय? कडं बघायलो होतो."

"मग उभं राहून दाखवा. महाराजांपुढं मावशी उभी राहिली तसं."

हरिबानं चपला काढल्या, पाय जुळवले, हात जोडले आणि डोळे मिटले. "श्वास धरा म्हणले होते," असं सांगून त्यानं श्वासही कोंडला. सुधारानीनं त्याच्या कपाळाला एक बोट लावलं. हरिबा मागच्या बाकावर जाऊन बसला. बसायचा त्याचा विचार नव्हता.

"आता कडं घ्या."

तिनं हातात काहीच धरलं नव्हतं, पण हरिबानं सवयीनं उजवा हात पुढं केला, डावा हात कोपराखाली लावला, एक पाऊल पुढं टाकलं आणि डोळे उघडले. प्रसाद काय कुणी डोळे मिटून घेतं? सुधारानीनं त्याच्या टाळूवर हात ठेवून दाबलं. हरिबा हलला नाही. तो तसाच हात पसरून उभा राहिला, आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा आनंद पसरला.

"व्हय की वो!" तो म्हणाला. "पण हे मी घरी सांगितलं तर ती शिडी दोनदा चढंल."

"मग घरी नको. संध्याकाळी मांडवातच सांगू."

संध्याकाळी मांडव भरला होता. महाराजांनी कलाबाईला मानानं वर बोलावलं. "जिवंत प्रमाण!" असं तिचं वर्णन झालं. ती कडं उंच धरून उभी राहिली. एवढा मान तिला लग्नातही मिळाला नव्हता. तेवढ्यात सुधारानी पुढं आली.

"महाराज, मला पण अनुभव द्या की."

महाराज खूश. शिकलेलं गिऱ्हाईक आपण होऊन चालत आलेलं. त्यांनी दोन बोटं कपाळाला लावली. सुधारानी उभीच. त्यांनी पुन्हा लावली. ती डोळे उघडे ठेवून, पाय फाकवून, मजेत श्वास घेत उभी.

"बेटी, श्रद्धा नाही तुझी," महाराज म्हणाले. "पाय जोड. डोळे मिट. श्वास रोक."

"जोडते की. पण कडं घातल्यावरही असंच उभं राहायचं ना?"

महाराजांनी शिष्याकडं पाहिलं. शिष्यानं मांडवाच्या छताकडं पाहिलं.

"कलामावशी," सुधारानी वळून म्हणाली, "तुमच्या हातात कडं आहे. पाय जोडा, हात जोडा, डोळे मिटा आणि श्वास धरा. हरिबाअण्णा, तुम्ही मागं उभे राहा."

"मी न्हाई पडणार," कलाबाई ठसक्यात म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली. सुधारानीनं महाराजांसारखीच दोन बोटं कपाळाला लावली. कलाबाई कलंडली ती थेट हरिबाच्या हातांत. हरिबानं तिला पुन्हा पायांवर उभं केलं.

"नजर लागली! कडं बिघडलं!" महाराज घाईघाईनं म्हणाले. "नवं घ्या!"

"नवं कशाला?" सुधारानीनं मांडवाच्या तोंडाकडं हात केला. "मडिवाळप्पा, एक कांदाभजं द्या."

मडिवाळप्पानं कागदावर ठेवून भजं आणलं. सुधारानीनं कलाबाईचं कडं उतरवलं आणि भजं पुढं धरलं. कलाबाईनं नकळत उजवा हात पुढं केला, डावा कोपराखाली लावला, पाऊल पुढं टाकलं, डोळे उघडले. सुधारानीनं भजं तिच्या हातावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तिची टाळू दाबली. कलाबाई जागची हलली नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "भजेनाथ महाराज की जय!" आणि मांडव हसून लोटपोट झाला. मडिवाळप्पा गाड्याकडं धावत सुटला. "गरम गरम सिद्ध भजी!" तो ओरडत होता. एवढी भजी त्याची यात्रेतसुद्धा खपली नव्हती.

"हसू नका, बघा," सुधारानीनं माइक हातात घेतला. "पाय जोडले की उभं राहायला जागाच उरत नाही. डोळे मिटले की शरीराला आपण सरळ आहोत की कलतोय हे कळायला अर्धी मदत कमी होते. श्वास कोंडला की अंग खांबासारखं ताठ होतं, आणि ताठ वस्तू लवकर पडते. अशा माणसाला कपाळावरून मागं ढकललं तर पैलवानही पडंल. दुसऱ्यांदा काय होतं? तुम्ही प्रसाद घ्यायला पाऊल पुढं टाकता, डोळे उघडता, श्वास सोडता. आणि महाराज मागं ढकलत नाहीत, वरून खाली दाबतात. खाली कुठं पडणार? खाली तुमचेच पाय आहेत. आपली रीतच अशी की, नमस्कार पाय जोडून आणि प्रसाद पाऊल टाकून. महाराजांनी बाकी काही शोधलं नाही, फक्त आपली रीत नीट पाहिली."

"न् माझा खांदा?" मडिवाळप्पा गाड्यावरून ओरडला. "तो तर वर गेला की वो!"

"कडं काढा आणि पुन्हा करा."

मडिवाळप्पानं कडं काढून झाऱ्यासकट हात वर केला. तो कालच्याहूनही वर गेला.

"पहिल्यांदा हात भीतभीत जातो. श्वास सोडला की स्नायू सैल होतात आणि दुसऱ्या वेळी जास्त जातो. तिसऱ्या वेळी आणखी. पण झारा तसाच हलवत राहिलात तर उद्या पुन्हा आखडंल. त्याला रोज व्यायाम पाहिजे. तो कंटाळवाणा आहे, हे मी आधीच सांगते."

या सगळ्यात महाराजांची ध्यानाची वेळ झाली होती. ते ध्यानाला जे आत गेले, ते मागच्या बाजूनं जीपमध्ये बसूनच ध्यानस्थ झाले. लोकांनी बांबूवरून आपापल्या काठ्या सोडून घेतल्या. दोघांचं एका पट्ट्यावरून भांडणही झालं.

कलाबाई मात्र हसली नाही. हरिबानं बांबूवरून सोडून आणलेली काठी हिसकावून घेऊन ती घरापर्यंत पुढं पुढं चालत गेली. सगळ्या गावासमोर पाडलं म्हणून ही हट्टानं शिडी चढणार, असं त्याला वाटत होतं. सोबत आलेल्या सुधारानीलाही तेच वाटत असावं, कारण ती दारातून हलेना.

कलाबाई ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं विचारलं, "अक्का, खरं सांग. महिनाभर मला चालताना बरं वाटायलंय. भिंत धरावी लागत न्हाई. ते खोटंय का?"

"ते खोटं कामून असंल, मावशी?"

"कडं तर खोटं निघालं."

"कडं काल मिळालं. बरं महिनाभरापासून वाटायलंय. त्या महिनाभरात काय करत होता तुम्ही?"

कलाबाईनं आधी आपल्या टाचांकडं पाहिलं, मग हरिबाकडं. हरिबा जाणूनबुजून दुसरीकडं बघत होता. बायको स्वतःहून शहाणी होत असताना मधे बोलू नये, एवढं त्याला कळत होतं.

"म्हंजे मीच केलं होतं की ते," ती सावकाश म्हणाली, "न् श्रेय त्या मेल्याला दिलं!"

"व्हय. पण अजून पुरतं झालं नाही. सपाट जमिनीवर तोल आलाय. शिडीला अजून वेळ आहे."

कलाबाईला राग आला. फसवल्याचा आला त्याहून जास्त, आपली मेहनत दुसऱ्याच्या नावावर गेल्याचा आला. त्या रागातच तिनं ओट्याला एक हात लावला आणि टाचा उचलल्या.

सोमवारी कुरडया अंगणातल्या बाजेवर पडल्या. कोंबड्यांना हाकलायची नोकरी हरिबाला लागली, आणि त्यानं ती आयुष्यात कुठलीही नोकरी केली नव्हती इतक्या आनंदानं केली.

महाराजांचं म्हणाल तर त्यांचं फार नुकसान झालं नाही. अशा माणसांना गावं पुष्कळ आहेत, आणि सगळ्या गावांत माणसं पाय जोडूनच नमस्कार करतात. दुखणं खरं असतं आणि वाटणारा आधारही खरा असतो, त्यामुळं मधे कुणी काळं कडं विकलं तर ते खपतंच. गुडघा दुखत असंल तर जाणत्याला दाखवावं, सांगितलेला व्यायाम करावा, आणि कुणी एका क्षणात बरं करतो म्हणाला तर तेच पुन्हा, सारख्याच रीतीनं करून दाखवायला सांगावं. एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. थोडा निर्लज्जपणा लागतो.

पुढच्या महिन्यात हुमनाबादला दुसरे एक महाराज उतरले. ते पोटातून खडे काढत, तेही न कापता. शेजारची राजूबाई नवी साडी नेसून निघाली आणि जाता जाता कलाबाईला हाक मारली, "येतीस का गं? लई मोठं दर्शन आहे म्हणे."

कलाबाई अंगणात एका पायावर उभी होती. भिंतीला फक्त एक बोट टेकलेलं. तिनं दुसरा पाय खाली ठेवला, एक लांब श्वास सोडला आणि म्हणाली,

"जा की. पण एक सांगते, राजू. देवापुढं पाय जोडून, डोळे मिटून उभी राहा. महाराजापुढं उभं राहायचं तर पाय फाकव न् डोळे उघडे ठेव."