बिजागऱ्या आतून

मी सर्वोच्च न्यायालयाच्या मोठ्या दालनाचा एक जुना सागवानी दरवाजा आहे. मित्रांनो, मला घडवणाऱ्या सुताराने माझ्या बिजागऱ्या आतल्या बाजूला बसवल्या. त्याबद्दल त्याचे कौतुक कोणी केले नाही. कौतुक झाले ते माझ्या पितळी कड्यांचे.

या दालनाचा एक नियम आहे. निकाल वाचताना मी सताड उघडा असलाच पाहिजे. बंद दाराआड वाचलेला निकाल निकालच नव्हे. इतके महत्त्वाचे माझे काम, पण मला तेल घालायचे पुढे कोणाला सुचेना. मी करकरलो की वकील हसत, "म्हातारा पुन्हा हरकत घेतोय!"

मग राष्ट्राध्यक्षांनी स्वतःच्याच सहीने स्वतःची मुदत वाढवली. राज्यघटनेने तो अधिकार त्यांना दिलेला नव्हता. प्रकरण इथे आले. वाढीव मुदत दुसऱ्या दिवशी सुरू होणार, म्हणून निकाल आजच हवा होता. सगळे आत बसले आणि राष्ट्राध्यक्षांच्या अधिकाऱ्याने मला ओढून बाहेरून टाळे ठोकले.

"इमारत धोक्याची आहे, बाई!" तो पलीकडून ओरडला. "निकाल पुढे ढकला."

"धोक्याच्या इमारतीत माणसं कोंडता होय?" मुख्य न्यायमूर्ती बाई म्हणाल्या. मग त्या न्यायालयाच्या सुताराकडे वळल्या. "काका, हा उतरवता येईल?"

"येईल की. पण स्क्रू पार गंजलेत. चार शिव्या घालाव्या लागतील."

"घाला. आम्ही नोंद घेत नाही."

काकांनी शिव्या घातल्या, स्क्रू काढले. मी कलंडलो. दोन वकिलांनी मला जिवंतपणीच खांदा दिला. टाळे जागच्या जागी लटकत राहिले आणि मी बिजागऱ्यांच्या बाजूने उघडलो!

"टाळं तोडणं गुन्हा आहे!" अधिकारी लालबुंद झाला.

"हातसुद्धा लावला नाही. ओढून बघा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी रस्त्यावरच्या गर्दीलाही ऐकू जाईल अशा आवाजात निकाल वाचला. मुदतवाढ रद्द.

राष्ट्राध्यक्षांना खुर्ची सोडावी लागली. जाण्यापूर्वी त्यांनी न्यायालयाला एक चकचकीत पोलादी दरवाजा भेट पाठवला. त्याच्या बिजागऱ्या बाहेरून होत्या. बाईंनी तो आल्या गाडीने परत धाडला.

मित्रांनो, मला रंग नको, हारही नको. तेल तेवढे घालत जा. मी म्हातारा आहे, पण हटणार नाही. आणि उद्या कोणी नवा दरवाजा घेऊन आलाच, तर त्याच्या चकाकीला भुलू नका. त्याच्या बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत, ते आधी बघा.