भोपळ्यांखालचा पाझर

काकांसमोर बांधाचा विषय काढायची सोय नव्हती. काढलात की संपलं. चहा गार होणार, तुमची पाठ अवघडणार आणि शेवटी मांडीवर थाप मारून काका म्हणणार, "इतकी वर्षं झाली, पण थेंब गळत नाही!"

डोंगरातल्या त्यांच्या कुरणावर एक तळं होतं आणि तळ्याला हा मातीचा बांध. लग्न नवं असताना नवराबायकोनं मिळून घातलेला. मातीचा थर टाकायचा आणि गुरांचा अख्खा कळप त्यावरून पुढेमागे हाकायचा, म्हणजे खुरांनी माती घट्ट बसते. पुढून काका ओरडत, मागून काकू. काकांचे वडील कुंपणाशी उभे राहून म्हणत, "याच्या हातून एक फाटक धड लागत नाही आणि हा बांध घालतोय!" तळं भरलं त्या दिवशी म्हातारा गप्प बसला. त्या दिवशी काकांची मान जी ताठ झाली, ती आजतागायत.

आता खरं सांगायचं तर बांध गळत होता.

काकूंना ते पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. बांधाच्या पायथ्याशी एका कोपऱ्यात त्यांचा पाय चिखलात रुतला. वर आभाळ कोरडं ठणठणीत आणि खाली चिखल! काय ते त्या समजल्या. सासरे तेव्हा हयात होते. त्यांच्या कानावर गेलं असतं तर उठता बसता नवऱ्याचा उद्धार झाला असता. काकूंनी फार विचार केला नाही, त्या कोपऱ्यात भोपळ्याच्या बिया लावून टाकल्या. वेल असे माजले की चिखल पार झाकून गेला. पुढे दर वर्षी तेच. एकेक भोपळा उचलायला दोन माणसं लागायची. काका येईल त्याला सांगत, "हिचा हातगुणच तसा आहे!" काकू मान खाली घालत आणि लोकांना वाटे, बाई किती साधी!

असं सगळं सुखात चाललं असताना सरकारी कचेरीतून निरोप आला. डोंगरातले सगळे जुने बांध तपासायचे आहेत. खाली दरीत आता घरं झाली होती, शाळा झाली होती. बांध धोक्याचा निघाला तर तळं रिकामं करून तो फोडून टाकायचा.

"येऊ दे की," काका म्हणाले. "थेंब गळत नाही!"

काकू मात्र दिवसातून तीनदा भोपळ्यांपाशी जाऊन चिखल बघून येऊ लागल्या. गुरांना पाणी कुठूनही आणता येईल. पण हा माणूस? बांध फोडला तर याच्यात उरणार काय? आणि दुसरं मन टोचत राही, अगं बये, खाली शाळा आहे. यंदा चिखल वाढलाय, तुला दिसत नाही का?

तपासायला आली ती एक तरुण इंजिनिअर, पायात गुडघ्यापर्यंत बूट आणि हातात लांब काठी. पोरगी गोड होती पण कामाला चोख. बांधाच्या माथ्यावर वाकून तिनं भेगा बघितल्या. जादा पाणी वाहून जायचा सांडवा झुडपांनी बुजत आला होता, तो साफ करायला सांगितलं. घुशीच्या एका बिळात काठी घातली, ती निम्मी आत गेली. "हे बुजवा, काका," ती म्हणाली. काका शेजारून चालत होते आणि दर चार पावलांना थेंब गळत नसल्याची खात्री देत होते. दर खेपेला ती पोरगी काठी आणखी खोल खुपसायची. काकूंच्या ते बरोबर लक्षात आलं.

मग ती उतरून सरळ भोपळ्यांकडे निघाली.

"अगं, तिकडे नको!" काकू ओरडल्या. "वेलात साप आहेत!"

"तिकडे नको!" त्याच क्षणी काकाही ओरडले. "बैल मारका आहे!"

बैल लांब सावलीत रवंथ करत पडला होता. त्यानं डोळेसुद्धा उघडले नाहीत. काकूंनी काकांकडे पाहिलं, काकांनी काकूंकडे. हिला साप कुठून दिसले? आणि यांना बैल कधीपासून मारका वाटायला लागला?

खालून शाळेची घंटा ऐकू आली. काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "जा पोरी, बघ. तिथं पाणी येतं. पहिल्या वर्षापासून येतंय. अहो, मला माफ करा, तुमचा बांध गळतो."

काका बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. "माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या आधीपासून. तुला सांगायला म्हणून आलो, तर तू तिथं बिया लावत होतीस. मग ते एवढाले भोपळे आले, लोक तुझं कौतुक करायला लागले. कुठल्या तोंडानं सांगू, की हा तुझा हातगुण नाही, माझा बांध गळतोय?"

"अरे देवा!" काकूंनी कपाळावर हात मारला. "आणि मी मेली तुमच्यासाठी भोपळे लावत बसले!"

तोवर इंजिनिअरचा एक बूट चिखलात अडकून बसला होता. एका पायावर तोल सावरत तिनं काचेचा ग्लास मागितला. काकू धावत घेऊन आल्या.

"पाणी गढूळ निघालं तर ते आतून माती खात येतंय," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मला काही करता येणार नाही. आजच तळं रिकामं करावं लागेल."

तिनं वरचा चिखल बाजूला सारला, पाझराच्या तोंडाशी ग्लास भरला आणि उन्हात धरला. काकांनी काकूंचा हात घट्ट धरला होता. परक्या पोरीदेखत, या वयात!

पाणी काचेसारखं नितळ होतं.

"काका," पोरगी हसली, "मातीचा बांध थोडा पाझरतोच. कोणी 'थेंब गळत नाही' म्हणालं की माझ्याच पोटात गोळा येतो. पाणी कुठून निघतंय ते त्याला ठाऊकच नसतं ना! इथं वाळू आणि खडी भरू, नळी टाकू, म्हणजे पाणी डोळ्यांसमोर राहील. बांध राहतोय तुमचा. पण हे वेल काढावे लागतील, काकू. झाकलेलं काही चालायचं नाही."

काकूंनी स्वतःच्या हातानं वेल उपटले. रडत होत्या की हसत, ते त्यांनाच कळत नव्हतं.

आता पाहुणा आला की काका त्याला आधी नळीपाशी नेतात, ग्लास भरून उन्हात धरतात आणि छाती काढून म्हणतात, "बघा, किती स्वच्छ गळतो माझा बांध!"

काकूंनी यंदा भोपळे घरामागच्या कोरड्या मातीत लावले. जेमतेम मुठीएवढे आले. काकांनी त्यातला एक खिशात टाकला आणि नळीपाशी उभ्या असलेल्या पाहुण्यापुढे धरला. "हिचा हातगुणच तसा आहे!"

"अहो," काकू म्हणाल्या, "आता तरी खरं बोला."

"खरंच बोलतोय," काका म्हणाले. "यात बांधाचा एक थेंब नाही."