चमचाभर पावडर आणि माझी जळलेली मोटर

मी एक जुना मिक्सर आहे आणि मी चिडलेलो आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना हळूच डोळे पुसतात. मला ते जमत नाही. माझा जन्मच गुरगुरण्यासाठी झाला आहे.

कारखान्यात मला जोडून झाल्यावर तपासणाऱ्या बाईने माझं बटण फिरवलं, कानांवर हात ठेवले आणि "दणदणीत आहे," असं म्हणून मला खोक्यात घातलं. तिथून मी या घरात आलो. घर दूधवाल्यांचं. आजोबांची डेअरी होती, आणि त्यांच्या गल्ल्यापाशी "दूध पिणारं पोर आजारी पडत नाही" अशी पाटी होती. गुडघे थकल्यावर आजोबांनी डेअरी विकली, पण पाटी मात्र घरी आणून स्वयंपाकघरात माझ्या डोक्यावर ठोकली. आई कपडे शिवण्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला जायची. "हा आहे म्हणून मी वेळेवर पोचते," असं ती माझ्याबद्दल सगळ्यांना सांगायची. ते ऐकून माझं पातं जरा जोरात फिरायचं, हे कबूल करतो.

घरात एक मुलगी होती. एका जागी कधी उभी राहायची नाही, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. ही भिंगरी एकाएकी पोट धरून बसू लागली. अंगावर पुरळ उठायचं, शाळा अर्ध्यावर सोडून घरी यायची. डॉक्टरांच्या तपासण्यांत काही सापडलं नाही. मग एक आहारतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी आईला नीट समजावलं होतं. काही आठवडे दूध, गहू आणि अंडं पूर्ण बंद. पोट शांत झालं की एकेक पदार्थ परत द्यायचा, मध्ये थोडे दिवस जाऊ द्यायचे आणि काय त्रास होतो ते पाहायचं. आई घरी येऊन सगळ्यांना बजावत होती, "एक थेंबसुद्धा चालणार नाही. नाहीतर काहीच कळणार नाही."

आजोबांना हा अपमान वाटला. गहू बंद झाला त्याचं त्यांना काही नव्हतं. अंडं गेलं तरी चालेल. पण दूध! "मी अख्ख्या गल्लीला दूध पाजलं आणि माझ्याच नातीला ते बाधतं म्हणे," असं ते फ्रीजला सांगायचे, कारण तेव्हा घरात दुसरं कोणी नसायचं.

सकाळी आई कामावर गेली की भिंगरीची न्याहारी आजोबांकडे असायची. केळं, शिजवलेला भात आणि पाणी माझ्यात घालून पातळ करायचं, एवढंच काम. आजोबा दाराकडे बघायचे, वरच्या कप्प्यातून डबा काढायचे आणि चमचाभर दुधाची पावडर माझ्यात टाकायचे. "एवढ्याशाने काय होतंय? अंगाला लागेल पोरीच्या." मी जीव तोडून ओरडायचो. ते माझं झाकण आणखी घट्ट दाबायचे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, ते मला विचारा.

भिंगरी पेला संपवायची आणि दुपारी परत पोट धरायची. सांगा, दोष कोणाला जाणार? पोट शांत होईना, म्हणून आईने आणखी पदार्थ काढले. दाणे गेले, मग मासे गेले, मग टोमॅटो. पोरीच्या ताटात उकडलेला भोपळा आणि भात उरला. वर्गमैत्रिणीच्या वाढदिवसाला ती घरून भोपळ्याचा डबा घेऊन गेली आणि तसाच परत घेऊन आली. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जे बिघडतं ते दिसलंच पाहिजे, असं त्यांचं डोकं. एके संध्याकाळी ते वैतागून म्हणाले, "सगळं बंद केलं तरी दुखतं कसं? शाळा बुडवायची नाटकं आहेत ही." भिंगरीने चमचा खाली ठेवला. आजोबा तिथेच बसले होते, मूग गिळून.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाहीत, चार रबरी बूच आहेत, पण आग खरी होती. दुसऱ्या दिवशी पावडर पडताच मी सगळी ताकद लावून गरगरलो आणि माझी मोटर जळाली.

दुरुस्तीच्या दुकानात पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या ढिगात मी बरेच दिवस पडून राहिलो. परत आलो तेव्हा भिंगरी बैठकीच्या खोलीत उड्या मारत होती! पोट दुखत नव्हतं. पुरळ गेलं होतं. मी नव्हतो, म्हणून ती केळं नुसतं सोलून खात होती. पावडर पाण्यात चमच्याने ढवळली असती तर गुठळ्या दिसल्या असत्या, आणि पोरीला डोळे आहेत. म्हणून डबा कप्प्यातच राहिला होता.

पण घरच्यांनी काय अर्थ काढला? "या मिक्सरमध्येच काहीतरी होतं. जुना झालाय, गंज उतरत असेल," आई म्हणाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला उचलून कपाटावर टाकलं. आजोबांनी मान हलवली. होकारार्थी हलवली, मित्रांनो. हे मी विसरणार नाही.

रविवारी आईने आनंदाने जाहीर केलं, "बाईंना उद्या फोन करते, पण आता कसली भीती? दोष मिक्सरचाच होता." तिने दूध गरम केलं आणि पेला काठोकाठ भरून भिंगरीच्या हातात दिला. मी कपाटावरून बघत होतो. वायर काढलेली, आवाज बंद. भिंगरीने पेला ओठांना लावला.

आजोबा खुर्चीतून उठले आणि पेला तिच्या हातातून ओढून घेतला. सांडलेलं दूध फडक्याने नाही तर बोटाने निपटून घेणारा हा माणूस. त्याने तो भरलेला पेला मोरीत ओतला.

"मिक्सरचं काही नाही," ते म्हणाले. "मी पावडर घालत होतो. रोज."

मग भिंगरीने विचारलं, "म्हणजे माझं पोट खरंच दुखत होतं? मला वाटायला लागलं होतं, की मीच खोटं बोलतेय."

बाबांनी तिच्याकडे बघायला हवं होतं. त्यांनी स्वतःच्या पायांकडे बघितलं.

मित्रांनो, मला रोज पुसा म्हणून मी हात जोडणार नाही. माझ्यावर धूळ बसली तरी चालेल. पण तुमच्या घरात कोणी पोट धरून बसलं, तर त्याच्या ताटात चोरून माया वाढू नका, आणि तपासणीत काही सापडलं नाही म्हणून त्याला खोटं ठरवू नका. मोटर माझी जळाली, ती बदलून मिळाली. त्या पोरीचा स्वतःच्या पोटावरचा विश्वास उडाला होता. तो कुठल्या दुकानात दुरुस्त करून मिळतो, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.