रिकाम्या वाटीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना मिसळणाचा डबा आहे. स्टीलचा, गोल, आत सात वाट्या आणि एक छोटा चमचा. तुम्ही म्हणाल, फोडणीपुरतं ज्याचं काम, त्याला कसली आलीय कहाणी! खरं आहे. मीही जन्मभर गप्पच बसलो. पण माझ्या नावावर एक खोटी साक्ष लागली आहे. ती मी दिली नाही, माझ्याकडून ती देववली. आणि देववली कुणी, तर ज्यांनी मला हौसेनं घरी आणलं त्यांनीच. म्हणून आज तोंड उघडतो आहे.

मला आणलं आबासाहेबांनी, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. आबा होटगी स्टेशनवर सांधेवाले होते. गाडी कोणत्या रुळावरून जायची त्याप्रमाणे रुळांचे सांधे बदलायचे आणि झेंडा दाखवायचा, हे त्यांचं काम. सोलापुरातल्या भांड्यांच्या दुकानात त्यांनी मला चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. मग दुकानदारानं टोकदार यंत्रानं माझ्या झाकणावर नाव घातलं, 'सौ. मथुराबाई'. अंगभर झिणझिण्या आल्या. पण नाव पडलं की भांडं घरचं होतं, एवढं मलाही कळत होतं.

मथुराबाई मैंदर्गीच्या. माहेरी निम्मं कानडी, निम्मं मराठी. माझ्या वाट्या भरताना त्या 'ओंदु, एरडु, मूरु' असं कानडीत मोजायच्या. मोहरी, जिरं, हळद, काळं तिखट, धणे, मेथी आणि मधल्या वाटीत हिंग. क्वार्टरमधल्या त्या अंधाऱ्या स्वयंपाकघरात त्या माझ्याकडे न बघता हात घालत आणि हवं तेच नेमकं चिमटीत येई. आल्या-गेल्याला सांगत, "माझा डबा कदी फसवत न्हाय बगा." हे कौतुक ऐकून मी फुगून जायचो. भांड्याला एवढं पुरतं.

त्या गेल्या. आबा निवृत्त होऊन सोलापुरात मुलाच्या घरी राहायला आले, मीही आलो. मुलगा सयाजी ट्रकवर असतो, महिन्यातले पंचवीस दिवस बाहेर. सून अंकिता शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाईला जाते. तिच्याकडे रंगीत झाकणांच्या बरण्या होत्या. मग माझं काय काम? गेलो माळ्यावर. सहा वर्षं तिथं फुटक्या कुकरशेजारी पडून होतो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मग एक दिवस खाली मोठा आरडाओरडा झाला. सयाजी-अंकिताची मुलगी आरोही तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेतून येऊन दप्तर ठेवता ठेवता ती पडली, हातपाय ताठ झाले, अंग झटके देऊ लागलं. महिन्याभरात असं तीनदा झालं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, हा अपस्मार आहे. फिट्सचा आजार म्हणतात तोच. औषधानं आटोक्यात राहतो, मुलगी शिकेल, खेळेल, सगळं करेल. फक्त सकाळ-संध्याकाळ गोळी वेळेवर, आणि मनानं एकही गोळी सोडायची नाही.

अंकिता घरी आली, स्टुलावर चढली आणि तिनं मला खाली काढलं. चिंचेनं घासलं, उन्हात वाळवलं. हिंगाचा वास काही गेला नाही, पण बाकी मी नव्यासारखा झालो. सात वाट्या, सात वार! प्रत्येक वाटीला तिनं वाराच्या नावाची चिठ्ठी चिकटवली. गोळ्या पाकिटातून सुट्या केल्या की त्यांना दमट हवा लागते, म्हणून कात्रीनं पाकिटाचे तुकडे कापून एकेका वाटीत दोन-दोन ठेवले, एक सकाळचा, एक संध्याकाळचा. मला उंच फळीवर जागा मिळाली. मित्रांनो, काळ्या तिखटापेक्षा हे काम मोठं होतं. एका पोरीचा जीव माझ्या वाट्यांत ठेवला होता.

घराची रीत ठरली. अंकिता सकाळी सातलाच कामावर जाई. आठला भाकरी खाऊन झाली की आबा आरोहीला सकाळची गोळी देत. संध्याकाळी अंकिता आली की चप्पल काढायच्या आधी माझं झाकण उघडून बघे. वाटीत एकच तुकडा उरला असला की तिचा चेहरा सैल होई. मग आठला उरलेली गोळी ती स्वतःच्या हातानं देई. आरोहीला काही विचारणं नाही, आबांना काही विचारणं नाही. मी सांगेन ते खरं. दीड वर्ष हे असंच चाललं आणि त्या दीड वर्षात आरोहीला एकही झटका आला नाही.

आता ऐका, कुंपणानंच शेत कसं खाल्लं ते.

आरोही आठवीत गेली. खो-खो असा खेळायची की शेजारच्या चिमाबाई विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन तिचे किस्से ऐकत बसायच्या. जिल्ह्याच्या संघाची निवड पंधरा दिवसांवर आली होती. आणि एका सकाळी आबांनी तुकडा फोडून गोळी तिच्या तळहातावर ठेवली, तेव्हा ती म्हणाली, "आबा, ही घेतली की पाय उचलतच नाहीत. पाठलाग करताना समोरची पोरगी दिसते, पण हात पोचत नाही. वर्गात पण डोळे मिटतात."

"मग आईला सांग की."

"आई म्हणेल, खेळच बंद कर."

 आबांनी आधी नातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता म्हणतील, चल, डॉक्टरांना विचारू. चाळीस वर्षं नोकरीत एक चूक न केलेला माणूस! पण आबा म्हणाले, "दीड वर्स झालं, एक झटका न्हाय. आजार गेला असंल बी. निवड हुईस्तवर सकाळची तेवडी सोडू. संध्याकाळची हायच की. आईला बोलू नगं, ती उगं काळजी करत बसंल."

आणि त्यांनी ती गोळी बंडीच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून ते तुकडा न फोडताच खिशात टाकू लागले. रोज, ठरलेल्या वेळी, अगदी शिस्तीत. त्या दिवसांत कारखान्यात गणवेशांची घाई होती, अंकिताला रविवारचीही सुट्टी नव्हती. ती संध्याकाळी दमून येई, झाकण उघडी, एकच तुकडा बघे आणि तिचा चेहरा सैल होई. मला तेव्हा काय वाटत होतं, ते कसं सांगू? मला ओरडायचं होतं, अगं, सकाळचा तुकडा वाटीत नाही, पण गोळी पोटात गेलेली नाही! पण डबा कधी बोलतो का? माझ्या गप्प राहण्याचाच त्या दोघांनी फायदा घेतला. आरोही तर अंकिता माझ्यापाशी आली की मुद्दाम पाठ फिरवून वही काढायची. जिच्यासाठी मी माळ्यावरून उतरलो, तिनंच माझा केसानं गळा कापला.

आणि खरं सांगतो, पहिले काही दिवस आरोही खरोखर हलकी झाली. मैदानावरून आली की सांगायची, आज चौघींना बाद केलं. आबा खुशीत मिशीवर हात फिरवायचे. हेच तर फसवं असतं, मित्रांनो. औषध सोडलं की आजार लगेच दार वाजवत नाही.

तेरावी सकाळ. अंकिता कामावर गेलेली, भाकरी अजून व्हायची होती. आरोही ओट्याशी उभी राहून आबांचा चहा गाळत होती. एकदम तिच्या हातातली गाळणी पडली. ती ताठ झाली आणि धाडकन खाली कोसळली. चहाचं पातेलं तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर उपडं झालं. गॅस चालूच होता.

आबा धावले.  त्यांनी फळीवरून मला ओढलं, झाकण काढून माझ्यातला चमचा घेतला आणि तो पोरीच्या दातांत घालायला वाकले. तेवढ्यात आवाज ऐकून चिमाबाई आत आल्या.

"आबा, चमचा टाका! तोंडात काय बी घालायचं न्हाय, अंकितानं कितींदा सांगितलंय!" त्यांनी आधी गॅस बंद केला. आरोहीला हळूच कुशीवर केलं, डोक्याखाली आपला पदर घडी करून सारला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "हातपाय दाबून धरू नका. आठ वाजून दहा मिनटं. ध्यानात ठिवा."

झटके थांबेनात. घड्याळाचा काटा सव्वाआठवर गेला, तरी थांबेनात. पाच मिनिटं झाली तशी चिमाबाईंनी एकशे आठला फोन लावला. गाडी आली. जाताना त्यांनी मला पिशवीत टाकलं, कारण दवाखान्यात पहिला प्रश्न असतो, औषध कोणतं चालू आहे?

दवाखान्यात सुया-सलाईन झाल्यावर झटके थांबले, पण आरोही शुद्धीवर येईना. अंकिता कारखान्यातून तशीच धावत आली होती, केसांत दोरे अडकलेले. डॉक्टर बाईंनी विचारलं, "गोळ्या चुकल्या होत्या का?"

"एक सुद्धा नाही, मॅडम." अंकितानं पिशवीतून मला काढलं आणि झाकण उघडून समोर धरलं. "हे बघा. रोज मी स्वतः बघते. हा डबाच माझी साक्ष."

मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून जावंसं वाटलं.

डॉक्टर बाईंनी माझ्या वाट्या नीट पाहिल्या. "रोज गोळ्या घेऊनही एवढा मोठा झटका आला, म्हणजे हे औषध पुरत नाही. मग डोस वाढवून दुसरं औषध जोडावं लागेल. रक्तातलं प्रमाण बघते, पण मला नक्की सांगा. चुकीच्या माहितीवर औषध वाढवलं तर ते मुलीलाच बाधेल."

"नक्की," अंकिता म्हणाली.

आबा दाराशी भिंतीला टेकून उभे होते. टोपी हातात. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसती खवखव नव्हती, माणूस आतून खचला होता. ते दोन पावलं पुढं आले. बंडीच्या खिशात हात घातला आणि माझ्या उघड्या झाकणावर मूठ रिकामी केली. बारा गोळ्या. एक सुटी, मळकी झालेली, आणि अकरा न फोडलेले तुकडे.

"औषध टाकवलं न्हाय माज्यानं," ते म्हणाले. "खिशातच व्हतं. पोरीची चूक न्हाय, मॅडम. म्या सोडायला लावलं."

अंकितानं त्या गोळ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांसमोर तिनं कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"आबा, चाळीस वर्सं तुमी सांधे बदलले. मास्तरांचा हुकूम असल्याबिगर एकदा तरी सांधा बदलला व्हता का?"

"न्हाय."

"मग हितं कुणाला इचारून बदलला?"

 डॉक्टर बाईंनी वाढीव औषधाचा कागद बाजूला ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत. आता उपचार नीट करता येईल."

आरोही दुपारी शुद्धीवर आली. जीभ चावली गेली होती, खांद्याला मुका मार होता. चार दिवसांनी ती नीट बोलू लागली, तेव्हा डॉक्टर बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, गोळी का सोडलीस? तिनं पाय जड होतात ते सांगितलं, वर्गातल्या झोपेचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, वही उघडली आणि सकाळचा भाग कमी करून संध्याकाळचा वाढवला. काही दिवसांनी परत दाखवायला या, अजून सुस्ती वाटली तर आणखी बघू, खो-खो तर खेळायचाच. झालं! पाच मिनिटांचं बोलणं. त्या पाच मिनिटांसाठी बारा दिवस चोरी केली, आणि पोर मरणाच्या दारातून परत आली. निवड तर तोवर होऊन गेली होती.

आता मी परत फळीवर आहे. वाट्यांना नवीन चिठ्ठ्या लागल्यात. पण अंकिता आता माझं झाकण उघडून थांबत नाही. सकाळी उशिरा जायची परवानगी तिनं मागून घेतली आहे. समोर उभी राहते, आरोहीला गोळी पाण्याबरोबर गिळताना बघते. माझी साक्ष या घरात कुणी मानत नाही. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण दुखतं, मित्रांनो. न केलेल्या पापाचा डाग असा असतो.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. गोळीनं झोप येत असेल, पाय जड होत असतील, पोटात मळमळत असेल, तर ते मोठ्यानं सांगा. आईला सांगा, डॉक्टरांना सांगा. बदल करायचा तो त्यांनी करायचा. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही, आणि कुणी प्रेमानं 'सोड' म्हटलं तरी सोडायची नाही. आबांचं नातीवर प्रेम नव्हतं असं कोण म्हणेल? प्रेम होतंच. त्या प्रेमापायीच मी खोटारडा ठरलो.

रोज सकाळी गोळी झाली की अंकिता पिशवी खांद्याला लावते. तेव्हा आबा उंबऱ्यापाशी येतात. कुणी मागितलेलं नसताना बंडीचा खिसा बाहेर ओढून उलटा करून तिला दाखवतात. ती नीट बघते आणि मग जाते. एकदा तरी 'राहू द्या, आबा' असं ती म्हणेल, याची मी वाट बघतो. अजून म्हणालेली नाही.