नवरोबा थांबायचा तेव्हा

त्याचं खरं नाव आता बँकेत आणि दवाखान्यात तेवढं उरलं होतं. बाकी जग त्याला नवरोबाच म्हणायचं. तरुणपणी टीव्हीवरच्या एका विनोदी मालिकेत त्यानं बढाईखोर नवरा रंगवला होता. मालिका संपली, पुढे त्याची खरी बायको गेली, मुलगी परदेशात स्थिरावली. घरात बोलणारा एक टीव्हीच राहिला, आणि तोही आपलंच घोडं दामटणारा. त्यामुळे तीच मालिका पुन्हा काढणार असल्याचा फोन आला तेव्हा म्हातारा अर्धी दाढी तशीच ठेवून नाचायचा तेवढा बाकी होता.

मेख एकच होती. पहिल्या भागात नवरोबा आणि मालिकेतली त्याची बायको, म्हणजे बाईसाहेब, दोघंही असणार. पुढे मात्र दोघांतल्या एकालाच ठेवणार. "दोन दोन म्हातारी माणसं नाही सांभाळता यायची," निर्मात्यानं तोंडावर सांगून टाकलं.

सेटवर तोच दिवाणखाना उभा केला होता. तसाच सोफा, मागे तसंच स्वयंपाकघराचं दार, फक्त सगळ्याला ताज्या रंगाचा वास. नवरोबा पुढे आला, छाती काढून गरजला, "माझ्या हुकमाशिवाय या घरात पान हलत नाही!"

आणि थांबला.

"सर, पुढचं वाक्य?" दिग्दर्शिकेनं विचारलं. पोरगी त्याच्या नातीच्या वयाची.

"अगं, हशा संपू दे की."

"हशा आम्ही नंतर घालतो, सर. मशीनवर."

त्या काळी समोर बाकांवर माणसं बसायची. या वाक्याला अशी हसायची की छप्पर उडेल. हशा ओसरला की नवरोबा आवाज एकदम खाली आणून विचारायचा, "अगं, चहा मिळेल का?" आता कितीदा समजावलं तरी त्याची जीभ तिथं अडायचीच. शेवटी निर्माता कुजबुजला, "यांच्या काही लक्षात राहत नाही. बाईंनाच ठेवू." म्हाताऱ्याचे कान शाबूत होते. त्यानं ते ऐकलं.

घरी जाऊन त्यानं ती दोन वाक्यं घोटली, घोटली, पार एकमेकांना चिकटवून टाकली. ऐकायला कोणी नव्हतं, हे त्या दिवशी पथ्यावरच पडलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं न थांबता दोन्ही वाक्यं फेकली. टाळ्या पडल्या. "कमाल, सर! पुढचं सगळं तुमचंच," निर्माता म्हणाला. नवरोबा फुगला आणि आपला पराक्रम बघायला मॉनिटरपाशी गेला.

पडद्यावर त्याच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात बाईसाहेब ताटली पुसत होत्या. 'पान हलत नाही' ऐकून त्यांचा हात थांबला. त्यांनी सावकाश डोळे वर केले, ओठाचा एक कोपरा हलू लागला, आणि तेवढ्यात याचं चहाचं वाक्य मधे आलं. कॅमेरा त्याच्या तोंडावर गेला.

"हे काय करत होती ती?"

"तीच तर बाईंची नजर!" दिग्दर्शिका म्हणाली. "लहानपणी आम्ही त्या नजरेलाच हसायचो. आज काही जमली नाही त्यांना."

जुन्या मालिकेत नवरोबाचं तोंड लोकांकडे असायचं आणि पाठ तिच्याकडे. टीव्हीवर भाग लागला की हा शहाणा बघायचा तो फक्त स्वतःला. तो हशा तिचा होता, आणि आज तिची जागा त्यानंच खाल्ली होती.

बाईसाहेब रंगपटात कापसानं तोंड पुसत होत्या. मालिकेतलं 'अहो' आणि 'अगं' दोघांच्या तोंडी कायमचं बसलं होतं.

"लोक तुझ्यामुळे हसायचे. मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वळून बघितलं असतं. मग झालंच की कल्याण." त्या हसल्या. "आणि अहो, तुमची छाती पुढे होती म्हणून तर माझी नजर चालली. एकटीचं काम नव्हतं ते."

"तुझ्या घरी कोण असतं आता?" एवढ्या वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं.

"कुलूप लावते मीच, उघडते मीच. इथं आलं की कुणीतरी म्हणायचं, बाईसाहेब आल्या. बरं वाटायचं हो."

तो तडक दिग्दर्शिकेकडे गेला. "तो शॉट परत घे. मी थांबतो."

"सर, परत थांबलात तर निर्माते बाईंना ठेवतील. तुम्हाला काम नको का?"

त्याला लाज वाटली, फार वाटली. पण संध्याकाळी त्या मुक्या घरात शिरायची भीती लाजेपेक्षा मोठी निघाली.

"राहू दे," तो म्हणाला.

पुढच्या भागाचं शूटिंग सुरू झालं. नवरोबानं छाती काढली, हुकूम सोडला, आणि त्याची मान आपोआप मागे वळली. स्वयंपाकघराच्या दारात दिव्याची एक वायर लोंबत होती.

"कट! सर, मागे काय बघताय?"

"ती कुठं आहे ते."

सगळा सेट खो खो हसला. दिग्दर्शिकेनं तर डोळे पुसले. म्हाताऱ्याला विनोदाची काय जाण आहे, असं जो तो म्हणत होता, आणि नवरोबा अजून दाराकडेच बघत होता.